बुजऱ्या घोडीचं ‘नको’

माझ्या लाडक्या भाचीस,


तुझं पत्र पोचलं आणि पाठोपाठ तुझ्या आईचा फोनही आला. आईचं म्हणणं असं, की घोडी येऊन अख्खा पावसाळा सरला, तरी पोरगी अजून तिच्या पाठीवर बसलेली नाही. सकाळ-संध्याकाळ नुसती तबेल्यात जाऊन उभी राहते. आणि तू विचारतेस, “मावशी, माझं काही चुकतंय का?” दोघींना मिळून उत्तर देते: उभी राहतेस ते अगदी बरोबर करतेस. उभं राहताना काय बघायचं, कधी थांबायचं आणि कधी मागे फिरायचं, हे मात्र सविस्तर सांगायला हवं. फोनवर ते होणार नाही, म्हणून कागद घेतला.

तुझी ही घोडी, बिजली, कुठून आली आहे ते आधी मनात पक्कं कर. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलखातून तिथे जनावरं येतात. तिथून ती वरातवाल्याकडे गेली, लगीनसराया काढल्या, आणि ‘आता ऐकत नाही’ म्हणून त्याने ती तुला विकली. वरातीच्या घोडीचं आयुष्य डोळ्यांसमोर आण. डोक्याला कलगी, अंगावर जरीची झूल, कानाशी बँड, पायाशी फटाक्यांची माळ. पाठीवर असा माणूस, की जो जन्मात पहिल्यांदा घोड्यावर बसलाय आणि भीतीने लगाम धरून ठेवतोय. चारी बाजूंनी नाचणारी माणसं, त्यामुळे पळायला वाट नाही. तू लिहिलंस, तिच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने पांढरे व्रण आहेत. ते बहुधा काटेरी लगामाचे असतील. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांवरच्या क्रूरतेला आळा घालणारे १९६५ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत असा काटेरी लगाम वापरायला स्पष्ट मनाई आहे. तरी तो सर्रास वापरला जातो, याचा मला फार संताप येतो.

अशा घोडीला लोक नाठाळ म्हणतात. तिच्या बाजूने बघ. कधीतरी तिने एक कान मागे नेला, कुणी पाहिलं नाही. मान वळवली, तर लगाम ओढला गेला. शेपूट आवळली, पाठ ताठ केली, तर चाबूक बसला. मग एके दिवशी तिने पुढचे दोन पाय उचलले, आणि तेव्हा पहिल्यांदा सगळे लांब सरकले. ती काय शिकली असेल? हळू सांगितलेलं माणसांना ऐकू येत नाही, ओरडून सांगितलं तरच कळतं. ज्याला आपण ग्राउंडवर्क म्हणतो, पाठीवर न बसता जमिनीवरून केलेलं काम, त्यात तुला तिला हे उलटं शिकवायचंय. तिचं लहानात लहान ‘नको’ तुला दिसतं, आणि दिसल्यावर तू थांबतेस, एवढं तिला पटलं पाहिजे. बाकी सगळं त्यातूनच पुढे जातं.

पण कामाला लागण्याआधी ती कुठे दुखत नाही ना, ते पाहून घे. घोड्यांच्या डॉक्टरांकडून दात तपासून घे. दाढांना बाहेरच्या कडेने धार येते आणि गालाला आतून जखमा होतात. खूर बघायला सांग. पाठीच्या कण्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवताना ती कुठे दबते ते टिपून ठेव. आणि खाण्याच्या वेळा बदल. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, चरत नसतानाही. जठर शरीराच्या मानाने लहान. निसर्गात तो दिवसरात्र थोडं थोडं चरत राहतो, आणि आपण त्याला दोन वेळा हरभरा घालून मधले तास उपाशी बांधून ठेवतो. त्यातून पोटात व्रण होतात, आणि व्रण झालेला घोडा खोगिराचा पट्टा आवळताना चावायला येतो. त्याला खोड म्हणायची आपल्याकडे रीत आहे. कडबा, कोरडं गवत तिच्यासमोर जवळजवळ सतत असू दे. हरभरा आणि गूळ कमी केलास तरी चालेल.

दुसरी गोष्ट सोबतीची. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरं, पण गाढ, स्वप्नांची झोप त्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही. आणि आडवं पडायचं तर कळपातलं दुसरं कुणीतरी पहाऱ्याला आहे अशी खात्री लागते. सईसकाकांना विचार, बिजली पहाटे कधी आडवी दिसली का, अंगाला एका बाजूने गवत चिकटलेलं असतं का. तसं नसेल, तर ती झोपेलाच मुकलेली आहे, आणि अशा जनावराकडून धीर कसा मागायचा? शेजारच्या मळ्यातलं ते म्हातारं तट्टू काही महिन्यांसाठी मागून आण. ते मिळालं नाही तर निदान शेळी बांध.

आता जवळ जाण्याबद्दल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवार, सुमारे ३५० अंशांत दिसतं. दिसत नाही ते अगदी मागे आणि कपाळाच्या ऐन समोर. आपण माणसं प्रेमाने काय करतो, तर थेट समोरून जातो आणि कपाळावर हात ठेवायला बघतो. म्हणजे नेमकं जिथे तिला दिसत नाही तिथेच हात आणतो. तू खांद्याच्या रोखाने ये, थोडं वळण घेत, नजर तिच्या डोळ्यांत न रोखता. उन्हातून तबेल्याच्या अंधारात शिरताना ती अडते असं तू लिहिलंस. तिच्या डोळ्यांना उजेडातून अंधाराला सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दारात उभी राहू दे. तिला आतलं दिसायला लागलं की ती स्वतःच पाय टाकेल.

आणि चालताना तिचे कान बघत राहा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी; ते इतके फिरते की तिच्या मनात काय चाललंय ते लांबून वाचता येतं. एक कान तुझ्याकडे वळला, श्वास अडला, ओठ आवळले, डोळ्यावरची कातडी ताणली गेली, की तिथेच थांब. तिने पाऊल उचलायच्या आधी थांबलं पाहिजे. मग वाट बघ. मान थोडी खाली येईल, ती एक लांब फुरफुर करेल, जीभ-ओठ हलवेल, डोळा मिटून उघडेल. ताण उतरताना घोडे असं करतात. हे दिसलं की तू पाठ वळवून चार पावलं लांब जा. या लांब जाण्यालाच मी सगळ्यात जास्त किंमत देते. घोडा दाबाने शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी तो काय करत होता, ते शिकतो. ती ताठ असताना तू निघून गेलीस तर ताठ राहिल्याने माणूस जातो हे ती शिकेल. ती सैल झाल्यावर गेलीस तर सैल होणं शिकेल. अमेरिकेत ओरेगनमध्ये गुराख्यांच्या घरात वाढलेला टॉम डोरन्स नावाचा माणूस होऊन गेला, २००३ मध्ये वारला. घोड्याच्या बाजूने विचार करायला त्याने पुष्कळ लोकांना शिकवलं, आणि त्याच्या परंपरेतल्या माणसांचं सगळं लक्ष या सोडण्याच्या क्षणावर असतं. दोरी किती ओढली यापेक्षा ती कधी ढिली केली, हे ते बघतात.

हात लावायची वेळ आली की चेहरा सोड. आयाळ जिथे संपते, तो खांद्यांमधला उंचवटा हातात घे. दोन घोडे दोस्तीत एकमेकांना दातांनी खाजवतात ते तिथेच. फ्रान्समधल्या कामार्गच्या घोड्यांवर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक काम आहे: या उंचवट्याशी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके उतरतात, दुसरीकडे खाजवून तसं होत नाही. थोपटू नकोस, बोटांनी खाजव. तिचा वरचा ओठ लांब होऊन थरथरायला लागला, की जागा सापडली असं समज. आणि तिला पुरे व्हायच्या आधी हात काढून घे. पुन्हा ती तुझ्याकडे सरकते का ते बघ. ज्या दिवशी ती स्वतःहून एक पाऊल सरकेल, त्या दिवशी आणखी काही मागू नकोस, खरारासुद्धा करू नकोस.

तू मला प्रामाणिकपणे लिहिलंस, की तिच्याजवळ जाताना तुझ्याच छातीत धडधडतं. ते तिला कळतं, पोरी. बर्लिनमध्ये शंभरेक वर्षांपूर्वी हान्स नावाचा घोडा होता. त्याचा मालक त्याला गणितं घालायचा आणि हान्स खूर आपटून उत्तर द्यायचा. लोकांना वाटलं, घोडा हुशार आहे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने तपासून दाखवलं, की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं, आणि ते बघून हान्स थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्सलाही येत नसे. पुष्कळांनी ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगितली. मला मात्र ती ऐकून दरवेळी नवल वाटतं. स्वतः माणसाला न जाणवणारी हालचाल या प्राण्याला दिसत होती! स्वीडनमधलं २००९ चं एक काम तर तुझ्याच प्रश्नावर आहे. माणसांना घोडा घेऊन एका वाटेने पुन्हा पुन्हा चालायला सांगितलं, आणि शेवटच्या फेरीआधी बजावलं, की आता वाटेत छत्री फटकन उघडली जाईल. छत्री उघडली नाही. पण वाट बघणाऱ्या माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही.

म्हणून धीट असल्याचं सोंग करू नकोस, ते उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा तुला ज्याची भीती वाटत नाही तेवढंच काम कर. आज तिच्यापासून दहा पावलांवर तुझा श्वास नीट चालतो ना? मग आजची जागा ती. तिथे उलट्या बादलीवर बैस, पुस्तक वाच, शेंगा सोल. श्वास लांब सोड. भीती दोघींची आहे, तर दोघींना जमेल त्याच अंतरापासून सुरुवात होऊ दे.

काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाळ. दोरी हाताला कधी गुंडाळू नकोस, घडी करून मुठीत धर. पायात बंद बूट. तिच्या अगदी मागे किंवा अगदी समोर उभं राहायचं नाही. डोक्यावर हेल्मेट जमिनीवर असतानाही हवं. आणि कोपऱ्यात तिला कोंडून उभी राहू नकोस. तिची बाहेर पडायची वाट नेहमी मोकळी असली पाहिजे. हे तुझ्या जिवासाठी आहे आणि तिच्या मनासाठीही.

म्होरकीचा तू फार घोर लावून घेतला आहेस. डोक्याकडे हात गेला की ती मान वर फेकते, हे तिच्या इतिहासाला धरूनच आहे. म्होरकी आधी नुसती हातात घेऊन तिच्याजवळ बसत जा. मग म्होरकी खांद्याला लागेल, मानेला लागेल आणि निघून जाईल. पुढे मऊ दोरी मानेभोवती यायची, पकडायला नाही, येऊन जायला. त्यानंतर म्होरकीचा नाकावरचा पट्टा उघडा धरायचा आणि तिने नाक आत घालायची वाट बघायची. आत एक गाजराचा तुकडा असला तर वाईट नाही. पण गाजर दाखवून फसवून बकल लावायचं नाही. एकदा असं फसवलंस तर गाजरावरचाही विश्वास जाईल. आमच्याकडे रेसकोर्सवरून आलेला एक घोडा होता, घोडे वाहून नेणारी गाडी दिसली की घामाने भिजायचा. त्याचा चारा आम्ही गाडीच्या फळीपासून लांब ठेवायला लागलो आणि त्याच्या चालीने जवळ नेला. मी माझं जेवण फळीवर बसून जेवायची. त्याला आत घालायचं हे कुणी मनातसुद्धा आणायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. एका दुपारी तो आत जाऊन उभा राहिला, इकडेतिकडे बघितलं आणि परत खाली आला. आम्ही दार लावलं नाही. दार लावलं ते कितीतरी पुढे, आणि तेव्हा त्याने मान वळवून पाहिलंही नाही.

म्होरकी जमली की दोरीवर चालणं. एका बोटाने ओढावी इतकी हलकी दोरी, आणि तिने वजन नुसतं पुढच्या पायावर घेतलं तरी दोरी ढिली. एक पाऊल मागे, एक पाऊल बाजूला, मागचे पाय आडवे टाकून वळणं. ही वळणं शिकव, कारण बुजलेला घोडा सरळ रेषेत उधळतो. वळायची सवय असली तर त्याला थांबायला जागा मिळते. हे सगळं डावीकडून जमलं, की उजवीकडून पहिल्यापासून सुरू कर. सगळे जण घोड्याला डावीकडून हाताळतात, त्यामुळे उजव्या बाजूचं जग त्याला फार कमी ओळखीचं असतं.

सईसकाका म्हणतात ना, की गोल रिंगणात घालून पळव, दमली की येईल वठणीवर? त्यांना उलट बोलू नकोस. त्यांनी जन्म घोड्यांत घातलाय, आणि पोट दुखणारा घोडा ते तुझ्याआधी ओळखतील. पण हे मात्र ऐकू नकोस. पळणं हे तिच्या भीतीचं काम आहे. ते तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं तर ती भीतीतच तरबेज होईल. दमून थांबलेल्या घोडीला शांत समजायचं नाही. डोळा विझलेला, पाय जमिनीत रोवलेले, हात लावला तरी कातडी हलत नाही, अशी घोडी लोकांना फार गुणी वाटते. तिने सांगणं सोडून दिलेलं असतं. मला ती लाथ मारणाऱ्या घोडीपेक्षा जास्त काळजीची वाटते.

आई म्हणाली, वारीतले घोडे कसे लाखो माणसांत धावतात! आईला सांग, ते घोडे बघायला मीही जीव टाकते. टाळ-मृदंगाचा तो गजर, पताका, आणि माणसांनी राखलेल्या रिंगणातून धावणारे माउलींचे अश्व. पण अंकलीहून शितोळे सरकारांचे ते अश्व आळंदीपर्यंत पायी येतात, आणि पुढे पालखीबरोबर पंढरपूरची वाट चालतात. गावं, गाड्या, माणसं त्यांना चालत्या पावलांनी भेटत जातात. आणि रिंगणात त्यांच्यापुढे धावायला मोकळी वाट राखलेली असते. बिजलीला वरातीत तेच मिळालं नाही.

ढोलाचं काय करायचं, असं तू शेवटी विचारलंस. ग्रीसच्या झेनोफनने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोड्यांवर एक पुस्तक लिहिलं. बुजलेल्या घोड्याबद्दल त्याचं सांगणं आजही तसंच्या तसं वापरावं: ज्या वस्तूला घोडा घाबरतो तिला आधी आपण हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूच जवळ न्यावं. मारून नेलं तर भीती वाढते, कारण झालेलं दुखणं त्या वस्तूनेच केलं असं घोड्याला वाटतं. स्वतः घोडदळात वाढलेला, लढायांत घोडे नेणारा माणूस हे लिहितो, याचं मला फार अप्रूप आहे. तर ढोल आधी मुका आणून कुरणात ठेव, वर गवताची पेंढी ठेव. वास घेऊ दे, खाऊ दे. आवाज मोबाइलवर, लांबून, इतका बारीक की तिचा कान वळेल पण तोंड चघळायचं थांबणार नाही. चघळणं थांबलं, तर आवाज जास्त झाला, कमी कर. या कामाला मुदत घालू नकोस. कदाचित ती ढोलाशेजारून कधीच जाणार नाही. तिने आयुष्यात पुरेसे ढोल ऐकलेत, आणि तुझ्याकडे राहायला तिला ते यायलाच हवं असं कुठे आहे?

पाठीवर बसायचा प्रश्न मी टाळत नाही. ज्या दिवशी खोगीर आणलेलं बघून ती जागची हलणार नाही, मान खाली सोडून उभी राहील, पट्टा आवळताना तिचा श्वास बदलणार नाही, त्या दिवसापासून त्याचा विचार कर. तेव्हाही आधी माझ्यासारखं कुणी जाणतं शेजारी असू दे. आणि तसा दिवस आला नाही, तरी ती तुझी घोडी आहेच. आईला हे सांगणं मी माझ्याकडे घेते.

आता तातडीचं. दिवाळी तोंडावर आली. त्या चार-पाच दिवसांत काही शिकवायचं नाही. रस्त्याकडची खिडकी दुपारपासूनच बंद, आत दिवा लावलेला, म्हणजे बाहेरचे लखलखाट डोळ्यांवर येणार नाहीत. म्हातारं तट्टू तिला दिसेल असं शेजारी. कडबा भरपूर, पाणी भरलेलं, भिंतीला खिळा किंवा पत्र्याची कड बाहेर आलेली नको. अगाडी-पिछाडीने आवळून बांधू नका. बांधलेला घोडा घाबरला की स्वतःलाच जखमी करतो. प्रशस्त खोलीत मोकळी राहू दे. डॉक्टरांशी आधीच बोलून ठेव, लागलंच तर शांत करायचं औषध त्यांच्या हातानेच. पहिल्या रात्री तुझा श्वास नीट चालत असेल तरच आत बैस, नाहीतर सईसकाकांना बसू दे. आणि नालबंदाला वसुबारसेच्या आधीच बोलावून घे, सणात तो कुणाला सापडत नाही.

तुझी,
मावशी